आवाज दुरुस्त करणारी गल्ली

बालदोस्तांनो, पुण्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या नावांच्या पेठा आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेलच. या सातांपैकी बुधवार पेठेत तुमच्यातले पुष्कळ जण जाऊन आले असतील. दगडूशेठ हलवाई गणपती तिथंच, पुण्याची ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी तिथंच, आणि जून महिन्यात पाठ्यपुस्तकं-वह्यांसाठी आईबाबांचं बोट धरून आपण जिथं चेंगरतो तो अप्पा बळवंत चौकही तिथून दोन पावलांवर!

पण याच पेठेत आणखी एक गल्ली आहे. तिथं ना पुस्तकं मिळतात ना पेढे. तिथं मिळतात वायरी, दिवे, बटणं, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि तांदळाच्या दाण्याएवढे बारीक बारीक सुटे भाग. तिचं नाव तापकीर गल्ली. गणपती आणि दिवाळीच्या आधी तिथं दिव्यांच्या माळा घ्यायला ही झुंबड उडते! आज मी तुम्हांला तिथं घेऊन जाणार आहे. मात्र माळा घ्यायला नव्हे, आवाज दुरुस्त करायला.

म्हणजे काय? सांगते.

मी एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. आमच्या वर्गात एक संगणक आहे आणि त्याला जोडलेला स्पीकरचा संच आहे. एक मोठं खोकं, दोन छोटी खोकी. बाजारात याला 'टू पॉइंट वन' म्हणतात. दोन म्हणजे छोटी खोकी, आणि पॉइंट वन म्हणजे घुमणारा जाड आवाज काढणारं मोठं खोकं. या संचावर आम्ही कविता ऐकतो, गोष्टी ऐकतो. आणि मुख्य म्हणजे धडे ऐकतो. आमच्या चौथीत एक मुलगी आहे. तिला फार कमी दिसतं. पुस्तकातलं अक्षर डोळ्यांजवळ नेलं तरी अर्धंमुर्धंच कळतं. म्हणून सातवीच्या मुलांनी तिच्यासाठी चौथीचे धडे आपल्या आवाजात वाचून संगणकात भरून ठेवले आहेत. धडा लागला की सगळा वर्ग ऐकतो आणि प्रश्नांची उत्तरं द्यायला हिचा हात सर्वांच्या आधी वर!

तर हा संच बिघडला. मोठं खोकं दिवसभर 'गुंऽऽ' करू लागलं. डावं खोकं मुकं झालं. आवाज लहानमोठा करायचं बटण फिरवलं की 'खर्र खर्र'. मी त्या मुलीला कानाला लावायचा हेडफोन दिला. दोन दिवस तिनं तो लावला आणि तिसऱ्या दिवशी परत आणून दिला. म्हणाली, "बाई, एकटीनं ऐकायला मजा येत नाही. मध्ये कोण हसलं ते कळतच नाही."

आता आली का पंचाईत! नवा संच म्हणजे एकोणीसशे रुपये. आणि मुलांनी रद्दी विकून डब्यात साठवलेले पैसे होते मोजून ४१०. मग ठरलं, आधी दुखणं शोधायचं, मग औषध!

दुखणं शोधायची एक रीत असते, बरं का. ती नीट ऐका, म्हणजे तुमच्या घरीही उपयोगी पडेल. यात कुठलीही वस्तू उघडायची नाही. सगळं बाहेरून.

पहिलं म्हणजे सोपं आधी पाहायचं. खोक्यावरचा दिवा लागलाय का? भिंतीवरचं बटण चालू आहे का? संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र असतं, त्यावर फुली तर नाही ना? आणि संगणकानं आवाज भलतीकडेच तर पाठवलेला नाही ना? संगणकाला कधी पडदा, कधी हेडफोन, कधी स्पीकर अशी आवाज सोडायची दोन-तीन ठिकाणं असतात. त्यातलं चुकीचं निवडलेलं असलं तर स्पीकर ठणठणीत असूनही गप्प बसतात.

दुसरं, पिन पाहायची. मोठ्या संगणकाच्या मागे आवाजासाठी रंगीत भोकं असतात. हिरवं भोक स्पीकरचं. गुलाबी मायक्रोफोनचं. हिरव्याची पिन गुलाबीत घातली की कितीही आरडाओरडा करा, स्पीकर ऐकणार नाही! त्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, त्यांच्यामुळे पिनेचे तीन भाग होतात. टोकाचा भाग डाव्या खोक्याचा, मधला उजव्याचा आणि बुडाचा दोघांचा मिळून. पिन अर्धवट बसली की एक बाजू मुकी होते ती यामुळेच.

तिसरं, अदलाबदल. ही सगळ्यांत मोठी युक्ती! आम्ही संगणकाची पिन काढून मोबाइलला लावली. तरी 'गुंऽऽ' होतंच. म्हणजे संगणक निर्दोष. पिन काढूनच टाकली आणि आवाजाचं बटण शून्यावर आणलं. तरीही 'गुंऽऽ'! म्हणजे दुखणं मोठ्या खोक्याच्या पोटातच. मग डाव्या खोक्याची वायर उजव्याच्या जागी लावली आणि उजव्याची डाव्याच्या जागी. काय झालं असेल? जे खोकं आधी मुकं होतं तेच नव्या जागीही मुकं राहिलं. दुसरं मात्र दोन्हीकडे बोललं. म्हणजे मोठं खोकं दोन्हीकडे आवाज बरोबर पाठवतंय, आजारी आहे ते हे छोटं खोकंच. एकही स्क्रू न काढता एवढं सगळं कळलं, पाहा!

मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. मी, सातवीतली दोघं आणि त्यातल्या एकीचे वडील. ही सातवीतली मुलगी सतत प्रश्न विचारते, म्हणून तिला आपण प्रश्नवाली म्हणू. आणि मुलाच्या खिशात दोरे, खिळे, गोट्या, काय वाट्टेल ते असतं, म्हणून तो खिसेवाला. मोठं खोकं पोत्यात गुंडाळून वडिलांच्या मांडीवर, छोटी दोन्ही खोकी माझ्या पिशवीत. खिसेवाल्याकडे आणखी एक पुडकं होतं. त्यात संगणकाच्या यूएसबीवर चालणारी चिमुकल्या स्पीकरची जोडी होती. पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळलं तेव्हा ती भिजली होती आणि तेव्हापासून बंदच होती.

एसटीनं स्वारगेटला उतरलो. तिथून मंडई म्हणजे मेट्रोचं एकच स्टेशन. जमिनीखालची ही मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत सुरू झाली. सरकत्या जिन्यावर पोतं सांभाळताना वडिलांची तारांबळ उडाली आणि मुलांची हसून मुरकुंडी वळली. वर आलो तो समोर महात्मा फुले मंडईची दगडी इमारत. ही १८८६ सालची. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते म्हणून तिला रे मार्केट म्हणत. मंडईतून तुळशीबागेच्या बाजूनं लक्ष्मी रस्ता ओलांडला की आलीच बुधवार पेठ.

या पेठेत पूर्वी पेशव्यांचा बुधवार वाडा होता. १८७९ साली तो आगीत जळून गेला. आता पेठेत वाडे थोडे आणि दुकानं फार. वाटेत एक देऊळ लागतं, पासोड्या विठोबाचं. प्रश्नवाली लगेच म्हणाली, "बाई, पासोड्या म्हणजे काय?" पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं पांघरूण. या देवळापाशी पूर्वी पासोड्यांचा बाजार भरायचा, म्हणून विठोबाचं नाव पडलं पासोड्या विठोबा, असं सांगतात. पुण्यात देवांना अशी मजेदार नावं पुष्कळ. जिलब्या मारुती काय, डुल्या मारुती काय, उपाशी विठोबा काय! पासोड्या गेल्या. आज विठोबाच्या शेजारी वायरींची भेंडोळी टांगलेली दिसतात. खिसेवाला म्हणाला, "मग आता वायऱ्या विठोबा म्हणायचं का?"

आणि मग ती गल्ली! अरुंद, गजबजलेली. डोक्यावर वायरींचं जाळं. दोन्ही बाजूंना पाच-सहा फूट रुंदीची दुकानं, आणि दुकानात जमिनीपासून छतापर्यंत प्लॅस्टिकचे खण. प्रत्येक खणात वेगळा भाग. एका दुकानासमोर आठ-दहा स्पीकर पितळी ताटांसारखे मांडून ठेवले होते, बशीएवढ्यापासून परातीएवढ्यापर्यंत. हातगाडी आली की माणसं भिंतीला चिकटतात आणि गाडी गेली की पुन्हा मध्ये येतात. कुठं दिव्यांची माळ लावून बघणं चाललंय, कुठं घंटी वाजवून बघणं, कुठं माइकवर 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री'.

सगळ्यांत गंमत म्हणजे इथं माणसं आकड्यांत बोलतात! एक जण आला आणि म्हणाला, "दोन द्या हो अठ्ठ्याहत्तर शून्य पाच." दुकानदारानं न बघता खणात हात घातला आणि दोन काळे तुकडे काढून दिले. प्रश्नवालीनं विचारलंच, "काका, हे काय?" काका हसले. "हा ७८०५. याला तीन पाय. एका पायातून जास्त व्होल्टची वीज घेतो आणि दुसऱ्यातून बरोबर पाच व्होल्ट सोडतो. तिसरा पाय दोघांना सामाईक. शेवटच्या ०५ चा अर्थ पाच व्होल्ट. आता सांग, ७८१२ किती देत असेल?"

"बारा!"

"शाबास! आणि हा बघ २०३०. याला पाय पाच. हा ४४४०. याचे पाय मोज." खिसेवाल्यानं मोजले, चौदा भरले. हे दोन्ही आवाज वाढवणारे. मोबाइल किंवा संगणकाकडून येणारा आवाजाचा वीजप्रवाह अगदी दुबळा असतो. तो स्पीकर हलवू शकत नाही. त्याला ताकद द्यायचं काम हे चौदा पायांचे आणि पाच पायांचे किडे करतात!

दुकानदारकाकांनी आम्हांला पुढच्या एका जिन्याखाली बसणाऱ्या कारागीरकाकांकडे पाठवलं. त्यांची बसायची जागा आपल्या वर्गातल्या दोन बाकांएवढी. टेबलावर एक दिवा, एक भिंग, मोजायचा मीटर आणि धूर सोडणारी सोल्डरिंगची कांडी. मी दुखणं सांगायला लागले, तर ते म्हणाले, "थांबा बाई, मुलांना सांगू द्या." मुलांनी पिन काढल्याचं, बटण शून्यावर आणल्याचं, खोकी अदलाबदल केल्याचं सगळं सांगितलं. काका म्हणाले, "वा! अर्धं काम तुम्हीच करून आणलंत की. नाहीतर लोक येतात आणि नुसतं म्हणतात, बिघडलंय."

आधी त्यांनी मुकं खोकं घेतलं. मागचे चार स्क्रू काढले. आतला स्पीकर बाहेर काढून हातात दिला. तुम्ही कधी नुसता स्पीकर पाहिलाय? पुढं कागदाचा शंकू. मागं जड लोहचुंबक. शंकूच्या टोकाला केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं, ते चुंबकाच्या फटीत अधांतरी असतं. वेटोळ्यातून वीज गेली की तेही चुंबक बनतं आणि मोठ्या चुंबकाकडे ओढलं जातं किंवा दूर ढकललं जातं. विजेची दिशा बदलली की ओढणंढकलणंही बदलतं. वेटोळं पुढंमागं, म्हणून कागद पुढंमागं, म्हणून हवा पुढंमागं, आणि ती हवा आपल्या कानाच्या पडद्यावर! सेकंदाला ४४० वेळा असं झालं की एक सूर ऐकू येतो, त्याहून जास्त वेळा झालं की चढा सूर. माणसाचा कान सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंतची थरथर ऐकतो. ही कागदी शंकूच्या स्पीकरची रचना अमेरिकेतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडली. शंभर वर्षं झाली, तरी आपल्या घरातल्या बहुतेक स्पीकरची रीत तीच आहे.

काकांनी एक साधा पेन्सिल सेल घेतला. दीड व्होल्टचा. त्याला दोन वायरी लावून चांगल्या खोक्याला क्षणभर टेकवल्या. 'खट्ट!' मग मुक्या स्पीकरला टेकवल्या. काहीच नाही. मग मीटर लावला. चांगल्या स्पीकरवर ४ ओहम लिहिलेलं होतं, मीटरनं साडेतीनच्या आसपास दाखवलं. तेवढा फरक असतोच. मुक्यावर मीटर हललाच नाही.

"आत वेटोळ्याची तार तुटली," काका म्हणाले. "याचा रस्ताच बंद. बाहेरची वायर तुटली असती तर दोन मिनिटांत जोडली असती. हा बदलायचा."

खिसेवाला नवा स्पीकर आणायला धावला तो रिकाम्या हातानं परत! दुकानदारानं विचारलं होतं, "किती इंची? किती ओहम? किती वॉट?" काकांनी जुना स्पीकर त्याच्या हातात ठेवला. "नमुना दाखव. आकार तोच, ओहम तेच. ओहम कमी घेतलास तर वीज जास्त ओढली जाते आणि आवाज वाढवणारा तो पाच पायांचा किडा तापून मरतो. वॉट सारखे किंवा थोडे जास्त चालतील." तीन इंची, ४ ओहमचा स्पीकर मिळाला ९० रुपयांना.

आता मोठं खोकं. त्याची वायर भिंतीतून काढलेलीच होती. तरी काकांनी उघडल्यावर लगेच हात घातला नाही. पोटातल्या मोठ्या कपॅसिटरचे दोन पाय एका रोधकानं जोडले आणि थोडं थांबले. "वायर काढली तरी याच्या पोटात वीज शिल्लक असते. म्हणून भिंतीतल्या विजेवर चालणारी वस्तू मुलांनी उघडायची नाही. कधीच नाही. समजलं?" असं म्हणताना ते अजिबात हसत नव्हते.

आत नळकांड्यांसारखे दोन कपॅसिटर होते. त्यांची डोकी सपाट हवीत. यांची मात्र टम्म फुगलेल्या पुरीसारखी! प्रश्नवालीनं विचारलं, "यांनी 'गुंऽऽ' कसं काय होतं?"

काकांनी तिलाच उलट विचारलं, "तुमच्या गावात पाण्याची टाकी आहे?"

"आहे."

"पंपातून पाणी हबक्यांनी येतं. पण टाकीमुळे नळाला धार कशी एकसारखी लागते. तसंच हे. भिंतीतली वीज २३० व्होल्टची आणि ती सेकंदाला ५० फेरे उलटसुलट फिरते. ट्रान्सफॉर्मर तिला कमी व्होल्टची करतो. चार डायोड तिला एकाच दिशेला वळवतात. पण तरी ती सेकंदाला १०० हबक्यांनीच येते. कपॅसिटर ही तिची टाकी. टाकी फुटली की हबके थेट स्पीकरपर्यंत. ते 'गुंऽऽ' म्हणजे तेच १०० हबके!"

आम्ही सगळे गप्प झालो. रोज कानावर पडणारा आवाज म्हणजे खुद्द विजेचीच धडधड होती तर!

जुन्यावर लिहिलं होतं २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. दुकानात मिळाले २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे. २० रुपयांना एक. खिसेवाल्याला शंका आली, "काका, व्होल्ट जास्त आहेत. चालतील?" काका म्हणाले, "टाकी जाड पत्र्याची असली तर बिघडलं कुठं? व्होल्ट जास्त चालतात, कमी मात्र चालत नाहीत." कपॅसिटरच्या अंगावर फिकी पट्टी असते. ती ऋण पायाची खूण. उलटा लावला तर तो फुटू शकतो. काकांनी भिंगातून दोनदा पाहून मगच तो बसवला.

मग कांडी आणि सोल्डर. सोल्डरची तार म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. यात एक नवल आहे, पाहा. कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला. शिसं वितळतं ३२७ अंशांना. पण साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं एकत्र केलं, की ते मिश्रण साधारण १९० अंशांनाच वितळतं. दोघांपेक्षाही आधी! चांगला जोड कसा ओळखायचा? तो चकचकीत असतो आणि छोट्या टेकडीसारखा दिसतो. गोळा होऊन बसलेला, मळकट जोड कच्चा. काम झाल्यावर काकांनी साबणानं हात धुतले, कारण शिसं पोटात जाणं वाईट.

राहिलं खर्रखर्र करणारं बटण. बटणाच्या आत काजळीसारख्या कोळशाची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची जीभ फिरते. पट्टीवर धूळ बसली की जीभ अडखळते आणि ती अडखळण म्हणजे खर्रखर्र. काकांनी वीज बंद असतानाच त्यात संपर्क साफ करायच्या फवाऱ्याचे दोन थेंब सोडले आणि प्रश्नवालीला म्हणाले, "वीस वेळा फिरव, या टोकापासून त्या टोकापर्यंत." तिनं मोजून वीस वेळा फिरवलं. "खोबरेल तेल नाही का चालत?" वडिलांनी विचारलं. "तेलानं आज आवाज जाईल, पण तेलावर धूळ चिकटून महिन्यानं दुप्पट येईल," काका म्हणाले.

आणि ते भिजलेलं पुडकं? काकांनी ते उघडून सगळ्यांना दाखवलं. आतल्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. तांबं गंजून रेघा तुटल्या होत्या, स्पीकरचे कागद फुगून फाटले होते. "हिला आता सोडा," काका म्हणाले. "पट्टी बदला, दोन्ही स्पीकर बदला, वर मजुरी. नव्या जोडीएवढा खर्च येईल. माझा हिशेब सोपा आहे. दुरुस्तीला नव्याच्या निम्म्याहून जास्त पैसे लागत असतील तर मी गिऱ्हाइकाला नवीन घ्या म्हणतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल." मग ही जोडी उकिरड्यावर फेकायची का? मुळीच नाही! यात शिसं असतं, ते मातीत आणि पाण्यात जातं. अशा वस्तूंना ई-कचरा म्हणतात. त्याच्यासाठी आपल्या देशात वेगळे नियम आहेत. २०२२ साली केलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. असा कचरा वेगळा ठेवून, तो गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यायचा असतो.

खिसेवाल्याला ती जोडी टाकवेना. काकांनी तिच्यातले दोन्ही चुंबक काढून त्याच्या हातावर ठेवले आणि वर तुटलेला तीन इंची स्पीकरही दिला. "कापून बघ. तार कुठं तुटली ते सापडलं तर मला सांगायला ये." त्याचा खिसा एका बाजूला केवढा लोंबायला लागला म्हणून सांगू!

शेवटी सगळं जोडून काकांनी वीज लावली. कुणी श्वास सोडेना. 'गुंऽऽ' नाही. बटण फिरवलं, खर्रखर्र नाही. प्रश्नवालीनं मोबाइलवर धडा लावला आणि त्या गजबजलेल्या गल्लीत, जिन्याखालून, तिचाच आवाज घुमला. येणारेजाणारे वळून पाहू लागले. ती लाजून वडिलांच्या मागं लपली.

आता हिशेब. स्पीकर ९०, कपॅसिटर ४०, मजुरी १५०. झाले २८०. दोन्ही टोकांना पिना असलेली एक जादा वायर ६० रुपयांची घेतली, कारण सगळ्यांत आधी तुटते ती वायरच, तीही पिनेपाशी. एकूण ३४०. डब्यातले ७० रुपये परत डब्यात. प्रवासाचा खर्च आमचा आमचा.

तुम्ही या गल्लीत गेलात तर काही गोष्टी लक्षात ठेवा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. बिघडलेला भाग नमुना म्हणून न्या, नाहीतर निदान त्यावरचे आकडे कागदावर लिहून न्या. घरी काय काय करून पाहिलं तेही लिहा. घेतलेला भाग तिथंच लावून, वाजवून बघा. स्वस्तात स्वस्त मागू नका, "चांगल्यातला द्या" म्हणा. नकली भागही विकायला असतात आणि ते महिन्या-दोन महिन्यांत दगा देतात. आणि दुपारी एक ते चारच्या मध्ये गेलात आणि एखादं दुकान बंद दिसलं तर रागावू नका. पुणं आहे ते!

सोमवारी वर्गात संच लावला. त्या चौथीतल्या मुलीला आम्ही मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. धडा सुरू झाला. ती मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करत राहिली. मग म्हणाली, "बाई, डावीकडचा नवीन आहे ना? तो जरा चिरका बोलतो."

खरंच होतं ते! नवा स्पीकर दुसऱ्या कंपनीचा होता. आमच्या कुणाच्याही कानाला तो फरक कळला नव्हता. तेवढ्यात धड्याच्या मधोमध, आवाज भरताना कुणीतरी दिलेली जोरदार शिंक आली. सगळा वर्ग खो खो हसला. तीही हसली आणि कोण कोण हसतंय ते ऐकत बसली.

खिसेवाल्यानं स्पीकर कापला, तेही सांगायला हवं. वेटोळ्याची तार जिथं बाहेरच्या वायरीला मिळते, तिथंच ती तुटलेली निघाली. तो तुकडा आता कागदाला चिकटवून आमच्या विज्ञानकोपऱ्यात लावलाय. पुढच्या खेपेला पुण्याला गेलो की काकांना दाखवायचाय.